पाऊणपट तिथी: नववीतल्या एका वहीवरून निसर्गतत्त्वज्ञ असण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला काही जुने कोळीवाडे अजून टिकून आहेत. एकीकडे वीस-वीस मजली इमारती, दुसरीकडे तिवरं, मध्ये देऊळ, सुकट वाळत घातलेलं आवार आणि गावाच्या टोकाला जेट्टी. अशाच एका गावातली मुलगी आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला होती आणि मी तिला विज्ञान शिकवत होते. तिची, गावाची आणि शाळेची ओळख पटेल असं सगळं इथे गाळलं आहे.

गुरुत्वाकर्षणाचा पाठ चालू असताना मी सांगितलं की भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडे तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट." मी घाटावरची, हे कधी ऐकलं नव्हतं. तिने फळ्यावर करून दाखवलं. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. हे दुपारचं आणि पहाटेचं, दोन्हीचं गणित एकच, कारण दिवसातून दोनदा भरती येते. हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तिने तो आजोबांच्या तोंडून ऐकला होता.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, वही घेऊन. "बाई, पौर्णिमा म्हणजे पंधरा. पाऊणपट केली तर सव्वाअकरा येतात. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, पाऊण वाजता. मग एका दिवसात दीड तास कसा गेला? रोज तर पाऊणच तास जातो ना?"

तिने तोवर समुद्राकडे बघितलंही नव्हतं. नुसता गुणाकार शेवटपर्यंत नेला होता. आजवर किती जणांनी हा नियम वापरला असेल, पण तो पंधराव्या पायरीपर्यंत चढून खाली वाकून पाहणारं कुणी मला भेटलं नव्हतं.

अडचण

शाळेला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प हवे होते. मी हा विषय सुचवला. अर्जात एक रकाना होता: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, पर्यावरण, यांपैकी एक. ती म्हणाली, "हे कशात बसतं?" चंद्र आहे, पंचांग आहे, खाडी आहे, मासेमारी आहे, भागाकार आहे. मला उत्तर देता येईना.

तेव्हा मी तिला 'नॅचरल फिलॉसॉफर' हा शब्द सांगितला. मराठीत निसर्गतत्त्वज्ञ. ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे प्रवचन करणारे?" तिचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे तत्त्वज्ञ म्हटलं की उपदेश करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. म्हणून मी मागे गेले, विज्ञानाच्या शाखा वेगळ्या होण्याआधी निसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांना हेच नाव होतं त्या काळात. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथाचं नाव 'नैसर्गिक तत्त्वज्ञानाची गणिती तत्त्वे' असं आहे, भौतिकशास्त्र हा शब्द त्यात नाही. भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्याच्या ओढीने होते, हे त्याने याच ग्रंथात मांडलं. गॅलिलिओने १६१० मध्ये फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याच्या दरबारात नोकरी घेताना 'गणिती' हा किताब पुरेसा मानला नाही, 'तत्त्वज्ञ' ही पदवीही मागून घेतली. किती आणि केव्हा एवढंच सांगण्यावर त्याचं समाधान नव्हतं, का हे सांगण्याचाही हक्क त्याला हवा होता. आणि त्याच गॅलिलिओने १६३२ च्या 'संवाद' या ग्रंथात भरतीचं कारण चुकीचं सांगितलं. चंद्राचा संबंध त्याने झटकून टाकला आणि पृथ्वीच्या हालचालीने समुद्र हिंदकळतो असं मांडलं. त्या हिशेबाने दिवसाला एकच भरती यायला हवी होती. व्हेनिसच्या कोणत्याही नावाड्याने त्याला सांगितलं असतं की दोन येतात.

आज वापरतो तो 'सायंटिस्ट' हा इंग्रजी शब्द १८३३ मध्ये विल्यम व्हेवेल या इंग्रज विद्वानांनी सुचवला. तोवर शाखा फुटू लागल्या होत्या आणि सगळ्यांना मिळून एक नाव हवं होतं. मायकेल फॅरेडे यांना मात्र तो शब्द कधी रुचला नाही, ते स्वतःला नॅचरल फिलॉसॉफरच म्हणवत राहिले. या प्रकरणाशी थेट जोडलेली गोष्ट अशी की शब्द घडवणारे व्हेवेल स्वतः भरतीचेच अभ्यासक होते. जून १८३५ मध्ये त्यांनी अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर, नऊ देशांत मिळून साडेसहाशेच्या आसपास ठिकाणी, दोन आठवडे, दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची नोंदवून घेतली. नोंदी करणारे बहुतेक तटरक्षक, खलाशी आणि गोदीतले लोक होते.

हे ऐकून ती म्हणाली, "मग आजा पण चालला असता त्यांना."

समोरचे पर्याय

शाळेचं म्हणणं सरळ होतं. चालतं मॉडेल करा. थर्माकोलची पृथ्वी, मोटरवर फिरणारा चंद्र, निळा कागद वरखाली. परीक्षकांना लांबून दिसतं आणि गुण मिळतात. मुख्याध्यापकांचा यात काही दुष्टपणा नव्हता, त्यांनी वीस वर्षं प्रदर्शनं पाहिली होती. पण त्या मॉडेलमध्ये तिचा दीड तासाचा प्रश्न कुठेच नव्हता.

दुसरा मार्ग होता छापील तक्त्याशी ताडून बघण्याचा. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी होत आल्या आहेत आणि येणाऱ्या वर्षाच्या वेळा आधीच छापून मिळतात. पंधरा तिथींचं गणित करायचं, तक्त्यातल्या वेळा शेजारी लिहायच्या, आलेख काढायचा. दोन संध्याकाळींचं काम. मी जवळजवळ यावरच थांबले होते.

तिने तिसरा सांगितला. "जेट्टीवर जाऊन बघू ना. तक्ता अपोलो बंदराचा आहे, आमच्या जेट्टीचा नाही." यात वेळ जाणार, काही दिवस चुकणार, सहामाहीचे निकाल नुकतेच लागलेले, आणि पाण्याजवळ मुलीला एकटं सोडता येणार नाही. मी दोन दिवस विचार केला. तक्ता वापरला असता तर तिने दुसऱ्याच्या उत्तरावरून तिसऱ्याचा नियम तपासला असता, आणि खाडी त्यात आलीच नसती. आम्ही तिसरा मार्ग घेतला. घरच्यांशी बोलून ठरलं की चिखलात उतरायचं नाही, फक्त जेट्टीवरून बघायचं, आणि अंधार पडला की काका सोबत हवेत.

काय केलं

एक बांबू घेतला. दर दहा सेंटीमीटरवर ऑइलपेंटचा पट्टा मारला आणि जेट्टीच्या खांबाला बांधला. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बिघडल्या.

एक म्हणजे लाटा. मोठ्या नव्हत्या, पण होडी गेली की पाणी दोन पट्टे वर, दोन खाली. काकांनी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, खालचं तोंड बंद केलं, तळाशी बारीक भोक पाडलं आणि बांबू त्याच्या आत उभा केला. आतलं पाणी संथ झालं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. भरतीची वेळ म्हणजे नेमकी कोणती? पाणी वर येतं, येतं, मग उभं राहतं. वीस-पंचवीस मिनिटं हलतच नाही. त्यात शिखर कुठलं हे डोळ्यांना कळत नाही. पहिले दोन दिवस तिने अंदाजाने वेळ लिहिली आणि नंतर स्वतःच ती खोडली. तिसऱ्या दिवशी तिने बांबूत, पाणी जिथवर चढतं त्याच्या जरा खाली, एक खिळा ठोकला. खिळा बुडाला ती वेळ लिहायची. पाणी उतरताना खिळा उघडा पडला ती वेळ लिहायची. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे भरती. तृतीयेची नोंद वहीत अशी आहे:

"खिळा बुडाला १:४६. खिळा दिसला २:५८. मध्य २:२२. नियमाने २:१५."

ही युक्ती मी सांगितली नव्हती. मला सुचलीही नव्हती. खिळ्याखालची पेन्सिलची खूण मी नंतर पाहिली. रोज पाणी कमी-जास्त चढणार म्हणून तिने खिळ्याची जागा बदलत नेली होती आणि प्रत्येक जागेवर तिथी लिहिली होती.

कृष्ण पक्षाच्या पंधरा दिवसांपैकी बारा दिवसांच्या नोंदी मिळाल्या. चित्र असं दिसलं. सुरुवातीचे तीन-चार दिवस नियम सुरेख जुळला. मग पाणी नियमाच्या आधीच येऊ लागलं. सप्तमीला अर्ध्या तासाहून जास्त आधी. दशमीच्या सुमाराला गाडी उलटी फिरली, आणि त्रयोदशीला नियम पावणेदहा सांगत असताना खिळ्याचा मध्य अकराला दहा कमी असा आला. तिच्या वहीतल्या दीड तासातला जास्तीचा पाऊण तास इथे सापडला. त्यातला बराचसा अष्टमी ते त्रयोदशी या दिवसांत निघून गेला होता.

आणखी एक गोष्ट तिने न शोधता मिळवली. सगळ्यांत उंच पाणी पौर्णिमेला आलं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी आलं होतं.

निर्णयाची जागा: फलकावरचं शीर्षक

इथे माझ्या हातून चूक झाली. आलेख हातात आल्यावर मी उत्साहात फलकाचं शीर्षक सुचवलं, 'परंपरा की विज्ञान?' खाली उपशीर्षक, 'तिथीच्या नियमाची चिकित्सा'. तिने ते सुरेख अक्षरात लिहून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी ती गप्प होती. आजोबांनी फलक वाचला आणि काही न बोलता उठून गेले. त्या संध्याकाळी ते जेट्टीवर आले नाहीत. रोज येत होते, खिळा बुडाला की आधी तेच ओरडत.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला. मी आलेख उलगडला आणि म्हटलं, आजोबा, एकादशीनंतर नियम तासभर चुकतो, हे तुम्हाला कधी जाणवलं नाही का? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"बाय, एकादशीला डोल टाकायला कोन जातं? भांगाचं पानी ते, वढ नाय त्याला. तवा हिशेब करायचा कशाला?"

डोल हे पिशवीसारखं जाळं असतं. ते ओढत नेत नाहीत, प्रवाहात तोंड करून रोवतात आणि पाणीच मासळी आत आणतं. प्रवाह जोरात असतो तो उधाणात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक सगळ्यांत कमी असतो तेव्हा, जाळं लुळं पडतं. नियम बनला तो उधाणाच्या दिवसांसाठी आणि त्या दिवसांत तो जुळत होता. मग मी सप्तमीचं विचारलं. ते म्हणाले, "सातमीला पानी लवकर येतं ते ठाव हाय. होडी आधीच लावून ठेवतो."

म्हणजे तोंडी सांगितलेला नियम हा त्यांच्या माहितीचा एक तुकडा होता. उरलेलं हातात होतं आणि आम्ही ते विचारलं नव्हतं. त्याच वेळी हेही खरं की 'असं का होतं' या प्रश्नावर त्यांचं उत्तर "आमच्या बानं सांगितलं" एवढंच होतं. दोन्ही बाजू लिहिणं मला गरजेचं वाटतं. आजोबांना निसर्गतत्त्वज्ञ ठरवून टाकलं की ऐकायला छान वाटतं, पण कारणाचा पाठपुरावा त्यांनी केला नव्हता, तो नातीने केला. आजोबांना मात्र एक गोष्ट माहीत होती जी मला नव्हती: आपला नियम कुठे संपतो.

शीर्षक बदललं. नवं शीर्षक तिचं होतं: 'पाऊणपट कुठपर्यंत?'

निर्णयाची जागा: कारण लिहायचं की नाही

कारण मी तिला समजावलं होतं. चंद्रामुळे पाण्याला पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन फुगवटे येतात, सूर्यामुळे आणखी दोन. सूर्याची भरती उठवण्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला दोघांचे फुगवटे एकावर एक येतात, ते उधाण. पुढे चंद्राचा फुगवटा रोज मागे सरकतो, सूर्याचा आपल्या वेळेला येत राहतो. आपल्याला दिसते ती दोघांची बेरीज, आणि ती दोघांच्या मध्ये कुठेतरी पडते. म्हणून आधी भरती चंद्राच्या मानाने लवकर येते. अष्टमीनंतर सूर्याचा पुढचा फुगवटा जवळचा होतो, बेरीज तिकडे खेचली जाते आणि भरती भराभर उशिरा होऊ लागते. तीस तिथींत चोवीस तास, म्हणजे एका तिथीला सरासरी ४८ मिनिटं, बरोबर दोन घटिका. पाऊण तास ही सरासरी नाही, उधाणाच्या दिवसांत जवळपास जुळणारा आकडा आहे.

तिला हे कळलं, आवडलं. प्रश्न होता की निष्कर्षात हे लिहायचं का? मी म्हटलं लिही, बरोबर आहे. ती म्हणाली, "पण हे मी पाहिलं नाही. मी खिळा पाहिला."

न्यूटनने १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत गुरुत्वाकर्षणाच्या मूळ कारणाबद्दल लिहिलं होतं की मी गृहीतकं रचत नाही. घटनांवरून जेवढं निघतं तेवढंच सांगायचं, पुढचं रंगवायचं नाही. हे वाक्य मी पुस्तकात अनेकदा वाचलं होतं. एका मुलीने माझ्यासमोर ते स्वतःच्या वहीला लावलं, तेव्हा पहिल्यांदा ते मला नीट कळलं.

तिने निष्कर्षाचं पान तीन रकान्यांत विभागलं: 'पाहिलं', 'वाचलं', 'माहीत नाही'. सूर्य-चंद्राची बेरीज दुसऱ्या रकान्यात गेली. निसर्गतत्त्वज्ञ म्हणजे काय असं आज कुणी विचारलं तर मी ते पान दाखवीन. त्यात प्रश्नाला विषयांच्या कुंपणात कोंडलेलं नाही, आणि प्रत्येक वाक्य आपल्याकडे कुठून आलं याचा हिशेब आहे.

निकाल

अर्जात शेवटी 'भौतिकशास्त्र' वर खूण केली, कारण एकावर करणं भाग होतं. प्रदर्शनात परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, मॉडेल कुठे आहे? तिने बांबू दाखवला. 'माहीत नाही' हा रकाना बघून एकांनी सांगितलं की प्रकल्पात असं लिहीत नाहीत, त्याने तयारी कमी दिसते. बक्षीस मिळालं नाही. परतताना बसमध्ये ती रडली. तिला मी जे काही सांगितलं त्याचा उपयोग झाला नाही.

फायदा झाला तो वेगळ्या ठिकाणी. आजोबा पुन्हा जेट्टीवर येऊ लागले आणि वहीत 'आजा सांगतो' असा चौथा रकाना आला. वर्गातल्या दोन मुली नोंदींसाठी सोबत जाऊ लागल्या. दहावीच्या वर्षात हे सगळं बंद पडलं, क्लास आणि सराव परीक्षांत खिळ्याला जागा नव्हती. अकरावीच्या सुट्टीत तिने पुन्हा बांबू बांधला.

आज पुन्हा करायचं तर

आजोबांकडे मी पहिल्या दिवशी जाईन, आलेख घेऊन नाही तर कोरी वही घेऊन. नियम काय हे विचारून थांबणार नाही. तो कधी वापरत नाही आणि कधी वापरून फसलात, हे विचारीन.

एका पक्षावर भागवणार नाही. किमान दोन पक्ष तरी घ्यायला हवे होते. शुक्ल पक्षातही असंच होतं का, हे आमच्या नोंदींवरून सांगता येत नाही.

फलकावर आजोबांचं नाव निरीक्षक म्हणून घालीन. व्हेवेल यांना जून १८३५ मध्ये जी माणसं लागली, तसलीच ही माणसं.

प्रदर्शनाबद्दल माझं मन अजून स्थिर नाही. परीक्षकांना काय लागतं हे मला माहीत होतं आणि ते मी तिला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणजे निवड तिची झाली असती. कदाचित शेजारी एक छोटं फिरतं मॉडेल ठेवलं असतं तर लोक थांबले असते आणि मग वहीकडे वळले असते. त्या वेळी मला ती तडजोड वाटली होती.

गेल्या महिन्यात तिने वही दाखवायला आणली. शेवटच्या पानावर 'माहीत नाही' खाली लिहिलं आहे: "पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत, मग सगळ्यांत मोठं पाणी तृतीयेला का?" समोर चौथ्या रकान्यात: "आजा सांगतो, बाहेरच्या दर्यातलं पाणी आत यायला वेळ लागतो." आणि त्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात: "पण दोन दिवस?"